खाडी बघायला कधी येऊ?

"काका, खाडी बघायला कधी येऊ?" हा प्रश्न मला वर्षभर येतो. पुण्याहून, मुंबईहून, एकदा तर थेट नागपूरहून. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर साधारण ठरलेलंच असतं. डिसेंबर की जानेवारी, शनिवार की रविवार, एवढंच त्याला माझ्याकडून हवं असतं. मी उलट विचारतो, "त्या दिवशी तिथी कोणती आहे?" मग फोनवर पलीकडे शांतता. काहींना वाटतं, मी मुहूर्त काढतोय. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून आज नीट सांगतो.

आमची खाडी वाशिष्ठीची. सह्याद्रीतून उतरलेली नदी चिपळूण ओलांडून गोवळकोटच्या गोविंदगडाला वळसा घालते आणि तिथून दाभोळपर्यंत, सुमारे ४० किलोमीटर, ती नदीही असते आणि समुद्रही. वाटेत खेडकडून आलेली जगबुडी तिला मिळते. दोन्ही काठांना जांभ्याच्या टेकड्या, त्यांच्या पायथ्याला भातखाचरं, मग खारफुटीचा हिरवा पट्टा, मग पाणी. तोंडाशी एका अंगाला दाभोळ, दुसऱ्या अंगाला अंजनवेलचा गोपाळगड. दिवसातून दोनदा समुद्र ही सगळी वाट चढून गोवळकोटपर्यंत येतो. पूर्वी मालाची गलबतंही अशीच भरतीच्या पाठीवर बसून गोवळकोट बंदरात यायची आणि ओहोटीबरोबर उतरायची. वल्ह्याशिडांच्या काळात दुसरा उपायच नव्हता.

गेल्या हिवाळ्यात एक कुटुंब आलं. मुलं गोड होती, दुर्बीण नवी घेतली होती, मोठ्या हौसेने आले होते. रविवार गाठून, जेवून, दुपारी अडीचला होडीत बसले. पंचमी होती. भरती पूर्ण व्हायला तासभर बाकी, म्हणजे खाडी काठोकाठ. खारफुटीचे नुसते शेंडे पाण्यावर. दीड तास फिरून आले आणि बाई म्हणाल्या, "पाणी फार सुंदर होतं हो, पण काहीच दिसलं नाही." धाकटा मुलगा मगरीसाठी आला होता, तो काही बोललाच नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. त्यांनी निघायच्या आधी फोन केला असता, तर मी त्यांना चार दिवस आधी यायला सांगितलं असतं.

कारण खाडी बघायची ती पाणी नसताना. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात. सुकती लागली की खाडी उघडायला लागते.

आता तिथीचा हिशेब. मला तो लहानपणी भोईवाडीतल्या एका काकांनी शिकवला, त्यांना त्यांच्या वडिलांनी. तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचं, चाराने भागायचं, जे येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराला. शुद्ध असो की वद्य, गणित तेच. दिवसा एक भरती आणि रात्री साधारण त्याच सुमाराला दुसरी. भरतीपासून सव्वासहा तासांवर पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊण-पाऊण तासाने उशिरा येतो, पाणी त्याच्या मागोमाग येतं, एवढीच यातली मेख. मिनिटाला मिनिट जुळत नाही, अर्धा तास मागेपुढे होतो, पण होडीला तेवढं पुरतं. शिवाय हा हिशेब खाडीच्या तोंडाचा. पाण्याला वर चढायला वेळ लागतो, उतरायला त्याहून जास्त. दाभोळला ओहोटी संपली तरी वर आमच्या बाजूला पाणी आणखी तास-दीड तास उतरतच असतं.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण. तेव्हा भरतीही मोठी आणि सुकतीही खोल. अष्टमी-नवमीच्या आसपास भांग. भांगाला पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. उधाणाचा सगळ्यात मोठा जोर मात्र पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतो. म्हणजे द्वितीया घ्या. भरती दीड वाजता, म्हणून पूर्ण ओहोटी सकाळी सव्वासातला तोंडाशी आणि आमच्याकडे साडेआठ-नऊला. चिखल दूरवर उघडा, ऊन कोवळं, वारा सुटलेला नाही. माझं उत्तर तेच आहे. पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा, द्वितीया, फार तर तृतीया. उजाडताना धक्क्यावर यायचं.

आलात की आधी होडीत बसून दहा मिनिटं हलू नका. मी हे सगळ्यांना सांगतो आणि मुलं ते मोठ्यांपेक्षा चांगलं पाळतात. सुरुवातीला दिसतो नुसता चिखल, करडा, ओला, भोकाभोकांचा. मग एका भोकातून दोन डोळे वर येतात. मग शेजारच्या भोकातून. हे छोटे खेकडे, नराची एक नांगी अंगाएवढी मोठी, दुसरी चिमुकली. मादीच्या दोन्ही लहान. नर ती मोठी नांगी वर-खाली हलवत राहतो, कोणाला तरी बोलावल्यासारखी. शेकडो नर एकाच वेळी. खाणं मात्र लहान नांगीने. चिखलाची चिमूट तोंडात घालायची, त्यातलं खाण्यासारखं काढून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून बाजूला ठेवायची. तासाभरात प्रत्येक बिळाभोवती मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी झालेली असते. दुपारी पाणी येऊन ती पुसतं.

मग निवट्या. मुंबई-रायगडपासून खाली सगळीकडे निवट्यांचं कालवण आवडीने खातात, पण जिवंत निवटी निवांत बघितलेली माणसं थोडी. हा मासा चिखलावर चालतो. पुढचे पर कोपरासारखे टेकतो, अंग पुढे ओढतो, मध्येच उडी मारतो. गालात पाणी धरून ठेवतो, ओल्या कातडीतूनही श्वास घेतो, आणि ती कातडी वाळू नये म्हणून मध्येच कुशीवर लोळून घेतो. एक जात आहे तिच्या पाठीच्या परावर निळे ठिपके असतात. नर तो पर शिडासारखा उभारतो आणि जागच्या जागी उंच उडतो. ही निवटी काय खाते ते बघा. डोकं डावी-उजवीकडे फिरवत चिखलाचा वरचा पापुद्रा खरवडते. त्या पापुद्र्यात डोळ्यांना न दिसणारी शेवाळं असतात. सुकतीला ऊन पडलं की ती चिखलातून वर सरकतात आणि पाणी यायच्या आधी पुन्हा खाली जातात. त्यांची झाक तुम्हाला दिसते. उन्हं तिरपी असताना चिखल सोनेरी-तपकिरी चमकतो तो त्यांच्यामुळे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चाळिशीत होतो, आणि जन्मभर बघितलेला चिखल त्या दिवशी मला नव्याने दिसला.

पक्षी याच जेवणावर येतात. तुतवार शेपटी वर-खाली करत काठाकाठाने फिरतो. लांब वाकड्या चोचीचा कर्ल्यू चोच मुळापर्यंत बिळात घालून खेकडा ओढतो. छोटे चिखले चार पावलं पळतात, थांबतात, टिपतात. त्यांच्यातल्या काहींची घरटी लडाख-तिबेटच्या उंच पठारावर असतात. डोंगरावरचा बर्फ आणि आमचा चिखल, एवढंच त्यांचं जग. खारफुटीच्या फांदीवर काळ्या डोक्याचा खंड्या बसलेला असतो. जांभळ्या-निळ्या पाठीचा, लाल चोचीचा. माझ्या मते आमच्या खाडीवरचा सगळ्यात देखणा पक्षी तोच.

आणि मगर. "मगर गोड्या पाण्यातली ना, मग खाडीत कशी?" हा प्रश्न नंबर दोन. खाऱ्या पाण्यातली ती अवाढव्य मगर आज ओडिशात, सुंदरबनात आणि अंदमानात आहे, आपल्या किनाऱ्यावर नाही. आमची मगर तीच, जी महाराष्ट्रातल्या नद्या-धरणांत असते. रुंद, आखूड तोंडाची. तिला मचूळ पाणी चालतं. शिवाय आमच्या खाडीला गोड्या पाण्याचा असा आधार आहे जो कोकणातल्या बहुतेक खाड्यांना नाही. कोयनेचं पाणी मुळात कृष्णेचं, बंगालच्या उपसागराकडे जाणारं. वीज करण्यासाठी ते डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीत उतरवलं जातं, कोळकेवाडीत साठतं, पुन्हा वीज करतं आणि वाशिष्ठीत सोडलं जातं. साठच्या दशकापासून हे चालू आहे. त्यामुळे मे महिन्यात, शेजारच्या नद्यांचे दगड उघडे पडलेले असताना, वाशिष्ठी वाहत असते आणि खाडीच्या वरच्या भागात पाणी फार खारट होत नाही. मगरी इथे टिकल्या त्यात या पाण्याचा मोठा वाटा असणार, असं मला वाटतं.

थंडीत मगर सकाळी उन्हाला येते. रात्रभर गार पडलेलं अंग तापवायला तिला उघडा, उतरता, मऊ काठ लागतो, आणि तो काठ सुकतीलाच मिळतो. म्हणून द्वितीयेची साडेआठची वेळ मगरीलाही सोयीची. आधी वाटतं ओंडका आहे. मग ओंडक्याचं तोंड उघडं दिसतं. तोंड उघडलं म्हणजे ती रागावलेली नाही. अंग जास्त तापू नये म्हणून ती तशी पडते. होडी लांब ठेवायची, इंजिन बंद, आणि फोटोसाठी तिला पाण्यात पळायला लावायचं नाही. तिने सकाळभर जमवलेली ऊब आपल्या एका फोटोसाठी वाया जाते. हट्ट करणाऱ्यांना मी परत धक्क्यावर आणून सोडलेलं आहे.

परतताना खारफुटीच्या कडेने या. तिवराचं पान जिभेला लावून बघा, वर मीठ असतं. झाडाने शोषलेलं मीठ पानातून बाहेर टाकलेलं. बुंध्याभोवती पेन्सिलीसारखी मुळं चिखलातून वर आलेली दिसतील. बोटभर खाली चिखल काळाकुट्ट असतो, तिथे हवा नाही, म्हणून मुळं श्वासासाठी वर येतात. कांदळाची शेंग झाडावरच रुजते, हातभर भाल्यासारखी लोंबते. सुकतीला पडली तर जागीच चिखलात रोवली जाते, भरतीला पडली तर तरंगत दुसऱ्या काठाला जाते. पांढऱ्या चिपीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्याचं कांदळवन झाड म्हणून मान दिला, त्याचा मला फार आनंद झाला. तिचं फूल रात्री उमलतं, पांढऱ्या तंतूंचा झुबका. त्यातला मध प्यायला वटवाघळं येतात. उजाडेपर्यंत तंतू गळतात, आणि पहाटे होडी सोडली तर ते पाण्यावर तरंगताना दिसतात.

तिथीचा हिशेब नुसत्या हौशी लोकांसाठी नाही, हेही सांगायला हवं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा त्रयोदशी होती, दोन दिवसांवर गुरुपौर्णिमा. वर डोंगरात पाऊस थांबत नव्हता आणि खाली समुद्र उधाणावर होता. नदी खाली उतरणार ती खाडीतूनच, आणि भरतीत खाडी स्वतःच भरलेली. आमच्याकडची म्हातारी माणसं आषाढात भिंतीवरच्या कॅलेंडरवर पावसाआधी तिथी बघतात, ती याचसाठी.

एक दुःखही आहे. वर्षातून कधीतरी सकाळी खाडीवर जावं तर मासे पोट वर करून तरंगत असतात. बोय, काळुंदर, शेंगटी, लहान-मोठे सगळे. वरून कुठून तरी रासायनिक पाणी सुटलेलं असतं. नमुने घेतले जातात, कागद होतात. आमची होडी चालवणाऱ्या भोई काकांनी अशा एका सकाळी मेलेला एक मासा हातात घेतला, धुतला आणि पुन्हा पाण्यात सोडला. मी त्यांना काही विचारलं नाही. त्या दिवशी त्यांनी जाळं बाहेर काढलंच नाही.

महिना विचारायचाच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून बाहेरचे पक्षी निघू लागतात. पावसाळ्यात होडी नको, पण मृगाच्या पहिल्या पावसात खाडीलगतच्या ओहोळांवर या. पाण्याविरुद्ध चढणीचे मासे निघतात ते बघायला मिळतील.

तर कॅलेंडर काढा, द्वितीया शोधा. ती मंगळवारी आली तर मंगळवारी या, एक रजा टाका. टोपी, पाणी, जुनी चप्पल, आणि मुलांना जागं ठेवण्यापुरतं काहीतरी खायला. साडेआठला आपण चिखलाला टेकलेलो असू. तासाभराने बघा, खेकडे एकेक करून बिळात जातील, काही जण वरून चिखलाचं झाकण ओढून घेतील. निवट्या काठाकाठाने वर सरकतील. मग बिळांच्या तोंडातून बुडबुडे येतील, आणि तळाखाली काहीतरी हलकं झाल्यासारखं वाटून होडी जराशी डुलेल. भोई काका बांबू उचलतील, "पाणी आलं" म्हणतील, आणि आपण निघू.