पट्टी मधेच कुठेतरी

शनिवारी रात्री साडेनऊ वाजले की आमच्या मिरजेच्या घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. असा नियम कोणी केला नव्हता, पण आजोबा पेटी, म्हणजे हार्मोनियम, पुढ्यात घेऊन बसले की आपोआप सगळे गप्प, अगदी आजीसुद्धा, आणि आजी गप्प म्हणजे विशेषच. रेडिओवर संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा, दीड तासाचा. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची, म्हणजे १९६९-७०ची गोष्ट.

आजोबा रेल्वेत होते आणि गल्लीतल्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. शास्त्रीय रीतसर शिकलेले नव्हते, पण कान एकदम तयार. आणि शनिवारी ते काय करायचे, तर रेडिओवरच्या गवयाला साथ करायचे! भाता अगदी हलका, आवाज शेजारच्या खोलीतही जाणार नाही इतका. मला कितीतरी वर्षं वाटायचं की रेडिओवाल्यांनी पेटीची जागा मुद्दाम आजोबांसाठीच मोकळी ठेवलीय.

ती मोकळी होती हे मात्र खरंच होतं. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटीला बंदी होती. पुष्कळ लोक याचं खापर केसकरांवर फोडतात, आमचे बाबाही फोडायचे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, आपलेच पुण्याचे, १९५२ ते ६२ नभोवाणी मंत्री. सिनेमाची गाणी त्यांनी रेडिओवरून घालवली आणि सगळा देश रेडिओ सिलोनला जाऊन बसला, शेवटी १९५७ला विविध भारती काढावी लागली, ते सगळं त्यांच्या नावावर आहेच. पण शनिवारचा हा कार्यक्रमही त्यांच्याच काळात, १९५२ला सुरू झाला, तेही लिहायला हवं. पेटीची बंदी ते यायच्या आधी बारा वर्षांची जुनी, त्यांनी फक्त ती उठवली नाही.

गंमत म्हणजे पेटीविरुद्ध पहिला मोठा आवाज एका इंग्रज माणसाचा. जॉन फोल्ड्ज, दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीत बघायचा, त्याने १९३८ला रेडिओच्याच इंग्रजी मासिकात लेख लिहून पेटीची पार सालटी काढली. तो १९३९ला कॉलऱ्याने गेला, बंदी बघायला राहिलाच नाही. रवींद्रनाथांनाही पेटी अजिबात आवडायची नाही, १९४०च्या जानेवारीत त्यांनी कलकत्ता रेडिओला तसं पत्र लिहिलं होतं. मुद्दे नेहमीचेच, पेटीत मींड नाही, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, आंदोलन नाही, म्हणजे स्वर हळूच झुलवता येत नाही, बारा स्वर ठोकून बसवलेले, मग दरबारी रागातला झुलता गंधार त्यात कुठून यायचा. आता हे खोटं आहे असं मी म्हणत नाही. दरबारीचा गंधार पेटीवर दाबला की तो दरबारीचा राहत नाही, हे आजोबाही म्हणायचे, ते तिथे बोट उचलून घ्यायचे आणि गवयाला एकट्याला जाऊ द्यायचे. बंदी घालण्याऐवजी एवढं करता आलं असतं की!

आणि आपल्याकडे हा वाद काही रेडिओने सुरू केलेला नाही. सांगलीच्या देवलांनी बावीस श्रुतींवर, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरांवर, पुस्तक लिहिलं १९१०ला, गवई अब्दुल करीम खाँसाहेबांना बसवून स्वर मोजले, मग आचरेकरांनी श्रुतींची पेटी बनवली, हे सगळं आमच्या अंगणात झालेलं. अलीकडे डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी केली तीही त्याच वाटेवरची. म्हणजे पेटीत खोट आहे हे मराठी माणसाला ठाऊक होतं, पण त्याला ती सुधारायची होती, फेकायची नव्हती. फेकणार तरी कशी, गोविंदराव टेंब्यांसारखा नामवंत पेटीवाला आणि संगीतकार या वाद्याने घडवलाय. टेंबे १९५५ला गेले, तोपर्यंत बंदीला पंधरा वर्षं झालेली.

पण एक कबूल करायला हवं, पेटी गेली म्हणून सारंगी टिकली. मैफलीत पेटीने सारंगीवाल्यांना कधीच मागे सारलं होतं, रेडिओवर मात्र सारंगीला काम होतं, महिन्याचा पगार होता. रामनारायण १९४४ला लाहोर रेडिओवर सारंगीचे स्टाफ आर्टिस्ट म्हणून लागले, फाळणीनंतर दिल्ली, मग साथीला कंटाळून १९४९ला मुंबई, आणि पुढे सारंगी सोलो वाजवून जगभर फिरले. असे नाव झालेले थोडे. बाकीचे सारंगिये आणि तबलजी सकाळी एकाला साथ करायचे, दुपारी दुसऱ्याला, संध्याकाळी भजनाला, आणि त्यांचं नाव निवेदक शेवटी एका दमात घ्यायचा, तेवढ्यात कोणीतरी रेडिओ बंदही करायचं. आमच्याकडे तसं चालायचं नाही. आजोबांकडे रेल्वेची जुनी डायरी होती, त्यात ते प्रत्येक शनिवारचं लिहायचे. तारीख, कलाकार, राग, तबला कोण, सारंगी कोण. आणि शेवटच्या रकान्यात, पट्टी, म्हणजे गवयाचा सा पेटीच्या कुठल्या सुरावर बसतो ते.

पट्टीचा रकाना का, ते सांगते. आजोबांची खरी अडचण गंधाराची नव्हतीच, ती षड्जाची, म्हणजे सा कुठे लावायचा याची होती. पेटी नसली की गवई कशाला कोणाच्या सुरात बसतोय, गळ्याला जिथे बरं वाटेल तिथे तानपुरा लावायचा, मग तो पेटीच्या काळी एक या सुराच्या थोडा वर असो नाहीतर त्याच्या लगतच्या पांढरी दोनच्या थोडा खाली. सारंगीला काय, ती खुंट्या पिळून तिथे जाते. पेटी कुठे जाणार? आजोबा काळी एक दाबायचे, मान हलवायचे, पांढरी दोन दाबायचे, परत मान हलवायचे, आणि मग भाता लावून टाकून नुसते ऐकत बसायचे. कधीकधी चारातले दोन शनिवार असे जायचे. बाबा म्हणायचे अहो तुमची पेटीच चढलीय, तिला एकदा सुरात करून आणा. ते आजोबांना फार लागायचं. मिरजेत राहून बेसुरी पेटी! गल्लीच्या टोकाला तानपुरे बनवणारे, त्यातल्या एकांकडे जाऊन ते जुळवून यायचे आणि पेटी बरोबर आहे असं बाबांना ऐकवायचे. आता वाटतं टेपचा वेगही कमीजास्त होत असेल, कोण जाणे.

१९७१ला बंदी सैल झाली. एकदम नाही, आधी फक्त रेडिओने वरची ग्रेड दिलेल्या कलाकारांच्या साथीला, सोलो तर नाहीच. पेटी पहिल्यांदा रेडिओवर वाजली त्या रात्री आजोबा काय म्हणाले हे मला आठवतच नाही, मी झोपले असणार. पुढचं मात्र आठवतंय, शनिवारी पेटी बाहेर काढणं कमी कमी झालं. मी विचारलं तर म्हणाले, आहे की आता तिथे एक, मी कशाला.

गेल्या महिन्यात जुन्या पेटाऱ्यात ती डायरी सापडली. पानं पिवळी, शाई बरीचशी शाबूत. मी आधी नावं वाचत सुटले, सारंगियांची तर कितीतरी. मग शेवटचा रकाना बघायला लागले. ६८, ६९, ७० या वर्षांत जागोजागी "काळी १ चढी", "पां. २ उतरती", "मधे", एके ठिकाणी नुसतंच "नाही". आणि नंतरच्या पानांवर, जिथे जिथे साथीला पेटी लिहिलीय तिथे, काळी १, पां. २, काळी १, काळी १. एकही "मधे" नाही. मी दोनदा बघितलं.