मायट्रल झडप, सहावा महिना आणि 21 दिवसांचं इंजेक्शन

सहाव्या महिन्यात दम लागायला लागला की घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, "पोटुशी आहे, लागायचाच." बहुतेक वेळा ते खरंही असतं. पोट वर सरकलेलं असतं, हिमोग्लोबिन कमी असतं. पण सपाट झोपलं की खोकल्याची उबळ येते, मध्यरात्री उठून खिडकीशी बसावं लागतं, एका उशीच्या तीन उशा होतात, थुंकीला लालसर फेस येतो, तेव्हा तो दम पोटामुळे नसतो. आपल्याकडे पंचविशी-तिशीतल्या बाईला असं होत असेल तर हृदयाच्या डाव्या बाजूच्या एका झडपेची शंका आधी घ्यावी. ती झडप बहुधा शाळेच्या वयातच बिघडायला लागलेली असते. आत्तापर्यंत तिने निभावून नेलं, इतकंच.

हृदय म्हणजे एकमेकांना चिकटलेले दोन पंप. उजवा पंप शरीरातून आलेलं रक्त फुप्फुसांकडे धाडतो, डावा पंप फुप्फुसांतून आलेलं रक्त सगळ्या अंगाला पोहोचवतो. प्रत्येक पंपाला वर साठवणीचा कप्पा, तो अलिंद. खाली ढकलणारा कप्पा, तो निलय. डाव्या अलिंद-निलयांमधलं दार दोन पाळ्यांचं असतं. शाळेच्या पुस्तकात त्याला द्विदल झडप म्हणतात, दवाखान्यात मायट्रल. पाळ्यांच्या कडांना बारीक दोऱ्या असतात आणि त्या खाली निलयाच्या भिंतीतल्या स्नायूंना बांधलेल्या असतात, म्हणून निलय जोरात आवळला तरी पाळ्या वर उलटत नाहीत. निरोगी झडप पूर्ण उघडली की 4 ते 6 चौरस सेंटिमीटर वाट मिळते. दोन बोटं सहज जातील एवढी. स्टेथोस्कोपमधून ऐकू येणाऱ्या 'लब-डब'मधला 'लब' हा मुख्यतः हिच्या आणि उजवीकडच्या तिच्या बहिणीच्या मिटण्याचा आवाज.

निलय आवळतो त्याबद्दल सगळे बोलतात, पण ही झडप अरुंद होण्याच्या आजारात खरा खेळ दोन ठोक्यांमधल्या उसंतीचा आहे. निलय भरतो तो तेव्हाच. मिनिटाला 70 ठोके असतील तर एका ठोक्याला साधारण 0.85 सेकंद मिळतात आणि त्यातला अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा वेळ भरण्यासाठी असतो. नाडी 120 वर गेली की अख्खा ठोकाच अर्ध्या सेकंदाचा होतो. आवळायला लागणारा वेळ फारसा कमी होत नाही, कात्री लागते ती भरण्याच्या वेळेला. तो जवळपास निम्म्यावर येतो. दार रुंद असेल तर एवढ्या वेळातही काम भागतं. पण पाळ्यांच्या कडा कोपऱ्यांत एकमेकींना चिकटून दाराचं बटणाच्या काजासारखं झालेलं असेल तर नाही भागत. वाट दीड चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी झाली की आजार गंभीर धरतात. रक्त अलिंदात तुंबतं, अलिंदामागे फुप्फुसांच्या शिरांत तुंबतं, आणि दाब फार वाढला की पाणी शिरांमधून पाझरून फुप्फुसात उतरतं. हाच तो रात्रीचा दम.

आता सहावा महिना बघा. गरोदरपणात अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि नाडी मिनिटाला 10 ते 20 ठोक्यांनी वर जाते. म्हणजे अरुंद दारातून जास्त रक्त, तेही कमी वेळात. आधी जिने चढताना थोडं थांबणारी बाई इथे एकदम कोसळते. त्यात आपण भर घालतो. अशक्तपणा वाटतो म्हणून सलाईन लावणं ही त्यातली सगळ्यात घातक भर, कारण तुंबलेल्या फुप्फुसांवर आणखी अर्धा लिटर पाणी ओतलं जातं. दमा समजून सॅल्ब्युटामॉलची वाफ दिली की नाडी आणखी पळते. थुंकीत रक्त दिसलं म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू होतात आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, महिनोन्‌महिने कुणी करत नाही. खरा उपाय याच्या उलट दिशेचा आहे: उठवून बसवायचं, ऑक्सिजन द्यायचा, फ्युरोसेमाइडने जादा पाणी काढायचं आणि मेटोप्रोलॉलसारख्या औषधाने नाडी संथ करायची, म्हणजे दाराला वेळ मिळतो. बाळंतपण झाल्यावर सुटकेचा निःश्वास टाकू नये. वार पडल्यावर गर्भाशय आवळतं, त्यातलं रक्त एकदम हृदयाकडे परततं, आणि अशा बाईसाठी पुढचे एक-दोन दिवस सगळ्यात जोखमीचे असतात.

झडप अशी होते ती घशाच्या दुखण्यातून. ग्रुप ए स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू घशात येतो, शरीर त्याच्याविरुद्ध फौज उभी करते, आणि जंतूच्या अंगावरची काही प्रथिनं हृदयाच्या प्रथिनांसारखी दिसत असल्यामुळे तीच फौज हृदयावर चालून जाते. घसा बरा होऊन दोन-तीन आठवडे गेलेले असतात, म्हणून कुणी दोन्हींचा संबंध लावत नाही. हाच रुमॅटिक ताप. वय बहुतेक 5 ते 15. ताप येतो, गुडघा सुजतो. दोन दिवसांनी गुडघा उतरतो आणि घोटा धरतो, मग कोपर, मग मनगट. ॲस्पिरिनने एक-दोन दिवसांत इतका उतार पडतो की घरचे विसरून जातात. एकोणिसाव्या शतकातला फ्रेंच डॉक्टर लासेग म्हणून गेला की हा ताप सांधे चाटतो आणि हृदयाला चावतो. सांध्यांवर मागमूस राहत नाही, झडपेवर राहतो. काही मुलांत, मुलींत जास्त, काही महिन्यांनी हातपाय आपोआप उडायला लागतात, चेहरा वेडावाकडा होतो, अक्षर बिघडतं, हातातून भांडी पडतात. ती पोर आगाऊ झालेली नसते, तिला अंगात आल्याचंही काही नसतं. तोही रुमॅटिक तापच.

घसा दुखणं बहुतेक वेळा व्हायरसचं असतं. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर अँटिबायोटिकची गरज सहसा नसते. ताप एकदम चढला, खोकला नाही, टॉन्सिलवर पांढरट पू आहे, मानेतल्या गाठी दुखताहेत, तर स्ट्रेपची शंका घ्यायची. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केलं तरी रुमॅटिक ताप टळू शकतो, पण कोर्स पूर्ण 10 दिवसांचा हवा. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून अमॉक्सिसिलिनची बाटली फ्रिजच्या दारात ठेवून देणारी घरं कमी नाहीत.

इथेच एएसओ नावाच्या रक्ताच्या तपासणीबद्दल थोडं. ती एवढंच सांगते की अलीकडे स्ट्रेप जंतूशी गाठ पडली होती. आपल्या गर्दीच्या वस्त्यांत ती गाठ निरोगी मुलांचीही पडतेच. नुसता एएसओ वाढलाय आणि पाय दुखतात म्हणून वर्षानुवर्षं पेनिसिलिन टोचून घेणारे लोक आहेत, आणि ज्यांना खरोखर गरज आहे त्यांना मात्र ते मिळत नाही. निदान जोन्सच्या निकषांवर, म्हणजे लक्षणं आणि तपासण्यांच्या ठरलेल्या यादीवर, करायचं असतं. ते 1944 चे. 2015 साली त्यांत सुधारणा झाली आणि आजार जिथे जास्त आहे अशा प्रदेशांसाठी वेगळे, सैल निकष आले. शिवाय इको केल्याशिवाय झडपेबद्दल बोलूच नये. झडप नीट न मिटल्याने होणारी सुरुवातीची गळती कानाला ऐकू येत नाही.

एकदा रुमॅटिक ताप येऊन गेला की पुढचा प्रत्येक स्ट्रेप घसा झडपेवर नवा घाव घालू शकतो. म्हणून बेंझाथिन पेनिसिलिन, 27 किलोच्या वर 12 लाख युनिट, त्याखाली 6 लाख, दर 21 दिवसांनी कमरेच्या स्नायूत. काही देशांत चार आठवड्यांचं अंतर चालतं. पण चौथ्या आठवड्यात रक्तातली पातळी खाली येते, आणि जिथे जंतू इतका फिरतो तिथे तीन आठवडेच बरे. हे इंजेक्शन दुखण्यावरचा इलाज नाही. ते घेतल्याने दम कमी होत नाही, न घेतल्याने लगेच वाढतही नाही, आणि त्यामुळेच ते चुकतं. हृदयाला काहीच झालं नसेल तर 5 वर्षं किंवा वयाच्या 21 पर्यंत, यातलं जे नंतर येईल ते. झडप कायमची बिघडली असेल तर 10 वर्षं किंवा चाळिशीपर्यंत, कधी आयुष्यभर. बाळंतपणातही बंद करायचं नाही.

ते दुखतं, हे खोटं ठरवण्यात अर्थ नाही. औषध विरघळलेलं नसतं. पांढऱ्या कणांचं दाट मिश्रण असतं, आणि ते हळूहळू झिरपावं म्हणूनच तसं बनवलेलं असतं. बाटली नीट हलवली नाही किंवा सुई बारीक घेतली की कण अडकतात, मग जोर लावला जातो, मग आणखी दुखतं. 21 गेजची सुई, औषध तळहातात धरून अंगाच्या ऊबेला आणलेलं, दोन-तीन मिनिटं घेऊन सावकाश ढकलणं, आणि डॉक्टर परवानगी देत असतील तर त्यातच जागा बधिर करणारं अर्धा ते एक मिली लिग्नोकेन. एवढं केलं तर पोरं पुढच्या वेळी पळून जात नाहीत. सुई रक्तवाहिनीत गेली नाही ना हे पाहणं अत्यावश्यक. हे औषध शिरेत जाता कामा नये.

रिॲक्शनच्या भीतीने बरेच दवाखाने हे इंजेक्शन द्यायलाच नकार देतात. खरी ॲलर्जी दुर्मीळ आहे, तरी ॲड्रेनॅलिन हाताशी हवं आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवावं. पण इंजेक्शननंतर झालेले काही मृत्यू ॲलर्जीचे नसून आधीच फार खराब असलेल्या हृदयाने वेदनेचा आणि घाबरण्याचा धक्का न सोसल्याचे असावेत, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2022 मध्ये मांडलं. झडप अतिशय अरुंद असेल, निलय दुबळा असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर पेनिसिलिन व्हीच्या 250 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, हा पर्याय हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून घ्यावा. बाकीच्यांनी उपाशी जाऊ नये, पाणी पिऊन जावं, आडवं होऊन टोचून घ्यावं.

तुंबलेलं अलिंद वर्षानुवर्षं ताणलं की त्याची लय सुटते. ठोके अनियमित होतात, अलिंद नुसतं थरथरतं आणि त्याच्या कोपऱ्यातल्या खिशात रक्त गोठतं. ती गाठ सुटून मेंदूत गेली की चाळिशीच्या आतच अर्धांगवायू. यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या जुन्याच गोळ्या, वॉरफरिन किंवा असिट्रॉम, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीतला आकडा, 2 ते 3 च्या मध्ये. वारंवार तपासणी नको म्हणून नव्या गोळ्या मागणारे खूप. पण 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इन्व्हिक्टस चाचणीत याच रुग्णांमध्ये जुन्या गोळ्या नव्या रिव्हरोक्साबनपेक्षा सरस ठरल्या.

बोटाने दार उघडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न लंडनमध्ये 1925 साली हेन्री सूटारने केला: अलिंदाच्या खिशातून बोट आत घालून. आज ते काम फुगा करतो. जपानच्या कांजी इनोऊने 1982 मध्ये ही पद्धत आणली. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या अलिंदात, तिथून मधल्या पडद्याला भोक पाडून डावीकडे, आणि झडपेत फुगा फुगवायचा. फुग्याचं माप काढायचा हिशेब झकास सोपा आहे: उंची सेंटिमीटरमध्ये घ्या, दहाने भागा, दहा मिळवा. 160 सेंटिमीटरच्या बाईला 26 मिलिमीटर. चिकटलेल्या कडा फाटतात, वाट जवळपास दुप्पट होते आणि अलिंदातला दाब तिथेच टेबलावर उतरताना दिसतो. गरज पडली तर गरोदरपणातही, चौथा महिना सुरू झाल्यावर, पोटाला शिशाचा पत्रा लावून हे करतात. अलिंदात गाठ असेल, झडप बऱ्यापैकी गळत असेल किंवा चुना साठून दगड झाली असेल तर मात्र फुगा नाही.

मग उरते झडप बदलणं. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय धातूची झडप 6 डिसेंबर 1990 रोजी पहिल्यांदा माणसात बसवली गेली. महाराष्ट्रात फुले जनआरोग्य योजनेत फुगा आणि झडप बदलणं दोन्ही बसतं. शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाच्या यादीतही रुमॅटिक हृदयविकार आहे.

धातूची मायट्रल झडप बसली की आयएनआर 2.5 ते 3.5 आणि गोळी जन्मभर. पालेभाज्या बंद करा हा सल्ला चुकीचा आहे. मेथी, पालक, शेपू, अळू खा, पण दर आठवड्याला साधारण तेवढ्याच. श्रावणात महिनाभर उपास आणि भाद्रपदात रोज अळूचं फतफतं, यात आयएनआर डोलतो. मेट्रोनिडाझोल किंवा फ्लुकोनाझोल सुरू झालं की तो चढतो, टीबीच्या रिफाम्पिसिनने पडतो. दुखण्यावरच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. दात काढण्याआधी अर्धा ते एक तास अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम. चार दिवसांचा ताप आला तर अँटिबायोटिकच्या आधी रक्ताचं कल्चर, नाहीतर झडपेवरचा जंतू सापडत नाही.

आणि पाळी चुकली तर त्याच आठवड्यात डॉक्टरकडे. सहाव्या ते बाराव्या आठवड्यात वॉरफरिन बाळाला अपाय करू शकतं, पण स्वतःहून गोळी बंद केली तर झडपच गोठते. हेपारिनच्या इंजेक्शनवर जायचं की कमी डोसवर तीच गोळी चालू ठेवायची, हे रोजच्या मिलिग्रॅमवर ठरतं. धातूच्या झडपेचा टिक-टिक आवाज रात्रीच्या शांततेत शेजारी झोपलेल्याला ऐकू येतो. तो अचानक दबका झाला किंवा येईनासा झाला आणि दम लागतोय, तर सकाळची वाट न पाहता हृदयाची शस्त्रक्रिया होणारं रुग्णालय गाठायचं, आणि गोळ्यांची वही बरोबर घ्यायची.