मालगाडीच्या इंजिनाला कोण विचारतं!

लंडनचे फोटो टाकलेतच, त्याबद्दल वेगळं काही लिहीत नाही. लिहायचंय ते डिडकॉटच्या रेल्वे संग्रहालयाबद्दल, कारण तिथून जरा वैतागूनच बाहेर पडलो.

स्टेशनच्या सबवेतूनच रेल्वे सेंटरला जाता येतं. आत ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा इंजिनिअर ब्रुनेल याची ब्रॉडगेज. आपल्या रुळांमधलं अंतर 1676 मिमी, हिचं 2140! जुनी ट्रान्सफर शेड पण आहे, एका गेजच्या वॅगनमधला माल उतरवून दुसऱ्या गेजच्या वॅगनमध्ये भरायचा, म्हणजे हमाली डबल. आणि फायर फ्लायची रेप्लिका, पॅसेंजरचं इंजिन, मधलं चाकच 7 फुटी, माझ्या डोक्याच्याही वर. इंजिनं वाफेवर चालवतात तो दिवस बघून जा, आम्ही गेलो तेव्हा सगळं थंडगार होतं. ब्रॉडगेजच्या मालगाडीचं इंजिन कुठाय विचारलं तर तिथले आजोबा हसून म्हणाले, एकही उरलं नाही. देखण्या पॅसेंजर इंजिनांच्या रेप्लिका करता, आणि ओझी वाहणाऱ्यांचं काय?

त्या मालगाडीच्या इंजिनांची नावं तरी काय होती! 1841-42 ची लिओ क्लासची 18 इंजिनं, एरिज, टॉरस, व्हर्गो असं अख्खं राशीचक्र, राशी संपल्या तर एलिफंट, बफेलो, मग एटना, हेक्ला असे ज्वालामुखी. वेग नको, जोर हवा, म्हणून चाकं 5 फुटी आणि दोन जोड्या दांड्याने एकमेकींना जोडलेल्या.

त्या हेक्लासाठी दुसऱ्या दिवशी मुद्दाम रेडिंगजवळच्या सॉनिंग कटिंगला, म्हणजे रुळांसाठी जमीन खणून केलेल्या खोल वाटेला गेलो. बायको म्हणाली, खड्डा बघायला चाललायस? खड्डाच तो, पण 60 फूट खोल, आणि पुलावर उभं राहिलं की मागून ट्रक अंगावरून गेल्यासारखे जातात. 24 डिसेंबर 1841 च्या पहाटे पावसाने दरड खाली आली, हेक्ला अंधारात तिच्यात घुसलं. थर्ड क्लासवाले मालगाडीलाच जोडलेल्या उघड्या डब्यांत, ते डबे इंजिन आणि मालाच्या वॅगन यांच्या मधे, कडेच्या फळ्या जेमतेम गुडघ्याएवढ्या. मागचं सगळं वजन त्यांच्यावर आलं. जागीच 8 गेले, नंतर आणखी एक. बरेचसे लंडनला पार्लमेंटच्या नव्या इमारतीवर काम करणारे गवंडी, नाताळला घरी निघालेले.

ज्युरीने अपघाती मृत्यू ठरवलं, पण चक्क इंजिन आणि डब्यांवर 1000 पौंडांचा दंड बसवला, तेव्हा कायदाच तसा होता, जीव घेणाऱ्या वस्तूवर दंड. थर्ड क्लासच्या डोक्यावर छप्पर हवं हा कायदा मात्र 1844 ला झाला.