उटण्याचा धंदा दिवाळीचा, तयारी मात्र मार्चमधली

हर्बल स्किनकेअरमध्ये उतरणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच दिवशी कोरफडीचं जेल नाहीतर क्रीम करायचं असतं. आमचं स्पष्ट मत: ज्यात पाणी आहे त्याच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. पाणी आलं की बुरशी आणि जंतू आलेच, आणि त्यांना रोखायला प्रिझर्व्हेटिव्ह लागतं. 'व्हिटॅमिन ई घातलंय, टिकेल' असं सर्रास सांगितलं जातं. पण व्हिटॅमिन ई तेलाला खवट होण्यापासून वाचवतं, जंतूंना रोखत नाही. सुरुवात कोरड्या मालाने करा. आपल्याकडे त्यातला सर्वांत ओळखीचा माल म्हणजे उटणं.

उटण्याची खरी विक्री दसरा ते नरकचतुर्दशी, जेमतेम तीन आठवडे. त्यामुळे नवखा माणूस गणपती उठले की साहित्य गोळा करायला लागतो आणि तिथेच फसतो. त्या दिवसांत हवा ओली असते. संत्र्याच्या साली नीट वाळत नाहीत, पुडीत गुठळ्या होतात, पाऊच उघडला की कुबट वास येतो. म्हणून वनस्पती उन्हाळ्यात वाळवून, दळून, बंद करून ठेवायच्या आणि डाळीची पिठं तेवढी सप्टेंबरअखेर ताजी करायची. पिठं आधी करून ठेवली तर बेसन खवट होतं, पोरकिडेही लागतात.

नागपुरी संत्र्याचा मृग बहार फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येतो, साली तेव्हाच धरा. आतला पांढरा गर खरवडून सावलीत पसरा. किलोभर ओल्या सालीची वाळून पाव किलोच्या आतबाहेर भरते. साल वाकवल्यावर कट्कन मोडली पाहिजे. नुसती वाकली तर अजून दोन दिवस.

बाकीचं काष्ठौषधीवाल्याकडे मिळतं. पुण्यात मंडईच्या आसपास, मुंबईत मशीद बंदरला चांगला माल असतो. सगळं अख्खं घ्या, पूड कधीच घेऊ नका. आंबेहळदीच्या नावाने साधी हळद मिळते आणि गिऱ्हाइकाचा टॉवेल पिवळा होतो. चंदनाची पूड स्वस्तात मिळत असेल तर ते चंदन नाही, एवढं धरून चाला. त्यापेक्षा चंदन न घालता तसं सांगणं बरं. बावची मात्र टाळाच. तिच्यातल्या सोरालेन या द्रव्यामुळे उन्हात गेल्यावर कातडी भाजू शकते, डाग पडू शकतात.

नागरमोथा सगळ्यात छळतो. गाठींना माती आणि केसाळ मुळं चिकटलेली असतात. दहा मिनिटं भिजवून, चोळून, पाणी स्वच्छ येईपर्यंत तीन-चारदा धुवा, नाहीतर उटणं अंगाला वाळूसारखं खरखरतं. पुन्हा कडक वाळवून आधी खलबत्त्यात फोडा आणि मगच यंत्रात टाका. वाळ्याचे तंतू चाळणीत अडकतात, ते कात्रीने अर्ध्या इंचाचे करा.

दहा किलोला आमचं प्रमाण असं: मसूर डाळीचं पीठ 4 किलो, हरभरा डाळीचं 2 किलो, मुलतानी माती 1 किलो, संत्र्याची साल 800 ग्रॅम, नागरमोथा 500, आंबेहळद आणि कपूरकचरी प्रत्येकी 400, वाळा आणि गुलाबपाकळी प्रत्येकी 300, जेष्ठमध 200, अनंतमूळ 100. डाळी दळण्याआधी 60 अंशांवर तासभर तापवून पूर्ण गार करा, म्हणजे किड्यांची अंडी मरतात.

दळण गावातल्या मसाला कांडपावर नेऊ नका. आधीच्या मिरचीचा चिमूटभर अंश राहिला तरी अंगाची आग होते. छोटं पल्व्हरायझर, म्हणजे पूड करायचं यंत्र, स्वतःचं असावं. ते सलग चालवलं की तापतं आणि कपूरकचरी-वाळ्याचा वास उडून जातो, म्हणून थोडं थोडं दळा, मध्ये यंत्र गार होऊ द्या. अंगाच्या उटण्याला 80 मेशची (इंचाला 80 छिद्रांची) चाळणी, म्हणजे साधारण 180 मायक्रॉन, पुरते. चेहऱ्याच्या लेपाला 100 मेशच्या वर जा.

ओलावा मोजल्याशिवाय काही भरू नका. 10 ग्रॅम पूड 105 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत ठेवा. 9.2 ग्रॅम उरली तर ओलावा 8 टक्के. त्याहून जास्त असेल तर परत वाळवा. तयार पुडी घट्ट झाकणाच्या ड्रममध्ये, आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून ठेवा.

मिसळतानाही घाई नको. 100 ग्रॅम अनंतमूळ थेट दहा किलोत टाकलं तर एका पाऊचमध्ये जास्त जाईल, दुसऱ्यात नावालाही नसेल. आधी ते तेवढ्याच, म्हणजे 100 ग्रॅम पिठात मिसळा, मग त्यात 200 ग्रॅम पीठ, मग 400, असं दुपटीने वाढवत न्या. भरायला ॲल्युमिनियम फॉइलचे झिपवाले पाऊच घ्या. कागदी पाऊच दिसतो छान, पण आतून साधा असेल तर कोकणात आठवड्यात दमट होतो.

आता परवाना. उद्यम नोंदणी आणि शॉप ॲक्ट झालं म्हणजे उत्पादनाचा परवाना मिळाला, असं समजू नका. सौंदर्यप्रसाधन म्हणून बनवायचं तर कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे सीओएस-5 अर्ज करून सीओएस-8 परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी योग्य जागा आणि पात्र तांत्रिक माणूस लागतो; घरच्या ओट्यावर हे बसत नाही. एवढा खर्च झेपत नसेल तर दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात लोन लायसन्सवर (त्याची जागा-यंत्रं वापरून माल करायचा परवाना) माल बनवता येतो, त्याचा अर्ज सीओएस-6. आयुर्वेदिक औषध म्हणून विकायचं तर वाट वेगळी: 24-डी अर्ज, 25-डी परवाना.

कोणत्या बाजूला जायचं हे पाऊचवर काय लिहिणार त्यावर ठरतं. 'त्वचा मऊ, स्वच्छ' हे प्रसाधनाचं बोलणं. 'इसब बरा होतो' लिहिलंत की ते औषध झालं. 'पांढरे डाग जातात' तर लिहूच नका. 1954 च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत तो विकार आहे. लेबलवर घटक, निव्वळ वजन, बॅच क्रमांक, परवाना क्रमांक, उत्पादनाचा महिना-वर्ष, वापरण्याची मुदत, एमआरपी, पत्ता आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क हवा. त्यासोबत 'आधी कोपराच्या आत लावून 24 तास पाहा' ही ओळही छापा, कारण डाळीची ॲलर्जी असलेली माणसं असतात.

प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेत जंतू आणि बुरशीसाठी तपासून घ्या. त्याच बॅचचे दोन पाऊच मुदत संपेपर्यंत कपाटात ठेवा. तक्रार आली तर उघडून पाहायला तेवढंच हाताशी असतं. भाऊबीजेनंतर दुकानांतून परत आलेला माल पुढच्या वर्षीच्या ड्रममध्ये मिसळू नका. पहिल्या वर्षी हजार पाऊच करायचे मनात असेल तर पाचशेच करा.