रिव्हायव्हलच्या आधीचा जानेवारी

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, संजीवन सभा (विश्वास नव्याने जागा व्हावा म्हणून घेतलेल्या; असं जागं होणं म्हणजेच रिव्हायव्हल) असल्या की जून १९०५ चं केडगाव हमखास निघतं. पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी चालवलेल्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये पवित्र आत्मा कसा उतरला, मुली रडत रडत पापं कशी कबूल करायला लागल्या, तासन्‌तास प्रार्थना कशा चालल्या. मग वक्ते म्हणतात प्रभू आमच्या इथेपण असंच कर आणि सगळे मोठ्याने आमेन. मी पण म्हणते, अगदी मनापासून. पण मला कायम वाटतं की आपण त्या जूनची गोष्ट सांगतो आणि जानेवारीची सांगतच नाही.

जानेवारीत काय झालं होतं, तर रमाबाईंनी बायकांना विचारलं की रोज जमून प्रार्थना करायला कोण तयार आहे, आणि ७० च्या आसपास जणी पुढे आल्या. रोज म्हणजे खरंच रोज. जून येईपर्यंत साडेपाचशे जणी झाल्या होत्या आणि दिवसातून दोनदा जमत होत्या. आणि ह्या काही रिकाम्या बसलेल्या बायका नव्हत्या हो, दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली, विधवा, त्यांची शाळा, शेती, स्वयंपाक, विणकाम, छापखाना हे सगळं चालूच होतं, त्यातून उठून प्रार्थनेला यायचं, गुडघे टेकायचे आणि परत कामाला लागायचं. आत्मा आपल्याला पाहिजे तेव्हा उतरत नाही, तो देवाचा अधिकार आहे, वेळापत्रक लावलं म्हणून रिव्हायव्हल येतं असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण तो उतरला तेव्हा ह्या बायका जागेवर होत्या, एवढं मात्र नक्की.

आता लगेच कोणीतरी म्हणतं की आपण कृपेखाली आहोत ना, म्हणजे तारण देवाच्या कृपेने मिळतं, आपल्या कर्मांनी नाही, मग हे नियम कशाला. आमच्या तरुण संघात हा प्रश्न दर दोन महिन्यांनी येतोच, आणि प्रश्न चांगला आहे. मला वाटतं ह्याचं उत्तर द्यायला रमाबाईंइतकं योग्य माणूस सापडणार नाही कारण त्यांनी दोन्ही बघितलं होतं. लहानपण सगळं तीर्थयात्रेत गेलं, उपासतापास, व्रतं, पुराणं सांगणं, घरच्यांनी काही म्हणता काही बाकी ठेवलं नव्हतं, आणि १८७४ मध्ये दुष्काळात आईवडील दोघंही गेले. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, पण नंतर त्यांनीच साक्षीत लिहून ठेवलंय की धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, तो मिळायला आणखी बरीच वर्षं गेली. म्हणजे नुसत्या नियमांनी काय होत नाही हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. आणि तरीही कृपा कळल्यावर ह्या बाईंनी शिस्त सोडली नाही, उलट आणखी कडक केली. फरक एवढाच की आता ती काही मिळवायला नव्हती, मिळालेल्या ख्रिस्ताजवळ राहायला होती. बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पण हाच क्रम आहे बघा, आधी कृपेने तारण आणि लगेच पुढे सत्कर्मं.

मला सगळ्यात जास्त हलवतं ते त्यांचं बायबलचं काम. खेड्यातल्या बाईला कळेल असं सोप्या मराठीत शास्त्र हवं म्हणून त्या चाळिशीनंतर हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, वर्षानुवर्षं भाषांतर केलं, ऐकू येणं कमी होत गेलं तरी काम थांबलं नाही, टाइप मुक्तीच्याच मुलींनी जुळवले. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही बाई काम पूर्ण करूनच ५ एप्रिल १९२२ ला प्रभूकडे गेल्या. ह्याच्यावर कुठे संजीवन सभा होत नाही. पण शिष्यत्व मला तिथे जास्त दिसतं, व्याकरणाच्या पुस्तकात डोकं घालून बसलेल्या त्या बाईत.

आमच्या मंडळीत एक आजी आहेत. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची लांब वही आहे, हिशोबाची असते ना तशी. डावीकडे नाव, मधे कशासाठी प्रार्थना, उजवीकडची जागा मोकळी, उत्तर मिळालं की तिथे तारीख. काही नावांपुढे ती जागा वर्षानुवर्षं मोकळीच आहे तरी रोज पहाटे ती नावं घेतली जातात. मी एकदा विचारलं आजी कंटाळा येत नाही का, तर म्हणाल्या, येतो की, मग कंटाळलेय असं त्यालाच सांगते आणि पुढचं नाव घेते.

एक गोष्ट मात्र तरुणांना आवर्जून सांगावीशी वाटते, शिस्त एकट्याने फार दिवस टिकत नाही. फोनमध्ये बायबलचं अ‍ॅप आहे, रिमाइंडर येतो, स्वाइप केला की गेला, ह्यात कोणी विचारणारं नाही. सुरुवातीच्या मंडळ्यांमध्ये बुधवारी आणि शुक्रवारी उपास असायचा, सगळ्यांचा एकाच दिवशी, त्यामुळे शेजारचापण उपाशी आहे हे माहीत असायचं. म्हणून आम्ही मंगळवारी पहाटे सहाला चौघी-पाच जणी मिळून एक स्तोत्र वाचतो आणि जी आली नाही तिला संध्याकाळी फोन जातो, ओरडायला नाही, बरी आहेस ना विचारायला. सध्या ११९ वं चालू आहे, ते एवढं मोठं की एका मंगळवारी फक्त आठ ओळी होतात, घाई कोणालाच नाहीये. आपल्या मंडळीतल्या कोणाला यायचं असेल तर पाळकसाहेबांकडे नाव द्या, चहा आम्ही करतो.