सही करणार नाही म्हणाली

मंगळवारी लॅबमध्ये माझ्या पार्टनरने माझ्या नोंदींच्या वहीवर साक्षीदार म्हणून सही करायला सरळ नकार दिला आणि तेव्हापासून माझं डोकं फिरलेलं आहे, म्हणून हे लिहितोय. भांडण वगैरे नाही झालं. झालं असतं तर बरं, आपल्याला त्याची सवय आहे. ती अगदी गोड आवाजात "सॉरी, मी हे बघितलेलं नाही" म्हणाली आणि पेन टेबलावर ठेवून दिलं, बस.

ती कोण ते आधी सांगतो. वय पन्नाशीच्या पुढे, वीस वर्षं नर्स होती, आता नोकरी सोडून माझ्या शेजारच्या खुर्चीत सायबर सिक्युरिटी आणि डिजिटल फॉरेन्सिक्सच्या (म्हणजे कॉम्प्युटर, पेनड्राइव्हमधून कोर्टात टिकेल असा पुरावा काढण्याच्या) एमएस्सीला बसते. आपल्याकडे ह्या वयाची बाई कॉलेजात दिसली तर शिपाई विचारेल, कोणाच्या ॲडमिशनला आलात मावशी? इथे स्कॉटलंडमध्ये कोणी वळून बघत नाही. हे मात्र मला फार आवडतं, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशीचं काम साधं होतं. खोट्या केसमधल्या खोट्या संशयिताची 32 जीबीची पेनड्राइव्ह, सीलबंद पिशवीत. पिशवी फोडायची, नंबर लिहायचा, पेनड्राइव्ह राइट ब्लॉकरला लावायची म्हणजे आपला कॉम्प्युटर तिच्यातलं वाचू शकतो पण तिच्यावर लिहू शकत नाही, नाहीतर विंडोज हे असं आगाऊ कार्टं आहे की नुसती पेनड्राइव्ह लावली तरी आत जाऊन स्वतःचं काहीतरी ठेवून येतं. मग तिची बिट टू बिट, म्हणजे जशीच्या तशी कॉपी काढायची, आणि मूळ आणि कॉपी दोन्हीचा हॅश, म्हणजे आतल्या सगळ्या डेटावरून निघणारा एक आकडा, काढून जुळवायचा. हॅश म्हणजे काय रे असं काकाने फोनवर विचारलेलं तेव्हा मी म्हटलं समज भाताचं पोतं आहे, त्यातला एक दाणा जरी बदललास तरी काट्यावर असा काही आकडा येईल की आधीच्या आकड्याशी त्याचा काही संबंधच राहणार नाही. काका म्हणाला असला काटा रेशन दुकानात हवा.

तर पार्टनर लेबल प्रिंट करायला गेली, तेवढ्यात कॉपी पूर्ण झाली, हॅश जुळला, मी खूश. जाऊन मशीनची कॉफी घेऊन आलो आणि मग निवांत बसून चार नोंदी एका दमात लिहून काढल्या. वेळा अंदाजाने, घड्याळात बघून, पाच-दहा मिनिटं मागे मागे जात. लॅबमध्ये मोबाइल न्यायचा नाही, बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा, म्हणून मनगटावरचं घड्याळ, आणि ते बाबांचं चावीचं एचएमटी, निघताना त्यांनी कणकवली स्टेशनवर हातात बांधलेलं. आता ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे अख्खा देश घड्याळं एक तास मागे करतो. मोबाइल आपला आपण मागे जातो. एचएमटी जात नाही, ते खानदानी आहे.

थोडक्यात माझ्या वहीप्रमाणे हॅश जुळला तेव्हा 4 वाजून 10 मिनिटं झाली होती, सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये 3 वाजून 8 मिनिटं होती, आणि बाई आमच्या वही घेऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभ्या, त्यात 3 वाजून 25. म्हणाली, हे अजून व्हायचंय.

मी हसलो, म्हटलं तास मागे-पुढे झालाय, हॅश तर जुळतोय ना, स्क्रीनवर दिसतोय ना तुला, कर सही. तर म्हणे आत्ता मला जुळलेला दिसतोय एवढ्याची सही करते, वेळ आत्ताची टाकून. आणि खरंच तसं लिहिलं तिने. "3.26 वाजता स्क्रीनवर दोन्ही हॅश सारखे दिसले, काढताना मी हजर नव्हते." खाली सही. चौकशी आयोगच जणू.

आणि ती वही! त्या वहीबद्दल मला एकदा मन मोकळं करू दे. पानांना छापील नंबर असतात. पान फाडायचं नाही. काळंच पेन. व्हाइटनर लॅबमध्ये दिसलं तर गांजा सापडल्यासारखे चेहरे करतात. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला आद्याक्षरं आणि वेळ. पानाखाली जागा उरली तर तिरकी रेघ मारून बंद करायची म्हणजे नंतर कोणी काही घुसवायला नको. "मग मी कॉपी काढली" असं लिहायचं नाही, कशाने काढली, कुठलं व्हर्जन, राइट ब्लॉकर कुठला, तो आधी तपासला का, कोणी तपासला. मी दहावीला 91 टक्के काढलेला माणूस, अक्षर मोत्यासारखं म्हणून बाई वर्गाला माझी वही दाखवायच्या, आणि इथे मला वही लिहिण्यात दहापैकी चार. सरांनी शेरा काय दिलाय तर घड्याळाचं आम्ही समजू शकतो, पण कॉफी आणायला गेलात तेव्हा पेनड्राइव्हजवळ कोण होतं? कोण असणार, लॅबला कार्डाचं कुलूप आहे, आत आम्ही बारा पोरं, ती खोटी पेनड्राइव्ह चोरून कोण काय करणार? पण नाही.

हे दोन सह्यांचं खूळ स्कॉटलंडचं खास आहे. बाकी ब्रिटनपेक्षा इथला फौजदारी कायदा वेगळा, आणि त्यात गुन्ह्याच्या मुख्य मुद्द्यांना एकाच माणसाचा शब्द चालत नाही, दुसऱ्या स्वतंत्र ठिकाणाहून दुजोरा लागतो. म्हणून पोलिस जबाब घ्यायला जोडीने येतात, फॉरेन्सिक रिपोर्टवरही दोघांच्या सह्या. लेक्चरला हे ऐकलं तेव्हा मी मनात म्हटलं, अरे हे तर आपले दोन पंच!

आणि तिथेच मला बाबा आठवले.

मी चौथीत असेन. आमच्या फाट्यावर गोवा बनावटीच्या दारूची गाडी पकडलेली, हे आपल्या सिंधुदुर्गात काही नवीन नाही. बाबा टपरीवर चहा पीत होते. हवालदार ओळखीचे, म्हणाले तात्या जरा सही मारा, उशीर होतोय, जेवायचं राहिलंय. तात्यांनी मारली. शेजारी ज्याचा चहा संपायचा होता त्याने पण मारली. झाला पंचनामा. गाडी कुठे, बाटल्या किती, कोणी बघतंय. त्यानंतर सहा वर्षांनी कोर्टाचं समन्स आलं. आठ खेपा झाल्या बाबांच्या तालुक्याला, ऐन आंब्याच्या सीझनमध्ये दोन, एकदा वकील नाही, एकदा साहेब रजेवर. शेवटी उभे राहिले तर आरोपीच्या वकिलाने विचारलं सील कुठल्या रंगाच्या लाखेचं होतं. बाबा म्हणाले, लाल असावं. असावं की होतं? बाबा म्हणाले, लाख लालच असते. कोर्टात सगळे हसले म्हणे, आणि बाबांनी घरी येऊन दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं.

ही गोष्ट मी पार्टनरला सांगितली नाही. का सांगू? लगेच त्यांना वाटतं आपल्याकडे सगळं असंच. उलट पुढच्या ट्युटोरियलला मी मुद्दाम हात वर करून आपला नवा कायदा सांगितला. भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, लागू 1 जुलै 2024 पासून, त्याच्या कलम 63 खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे सर्टिफिकेट द्यायचं त्याच्या नमुन्यातच हॅश लिहायला जागा आहे, कुठल्या अल्गोरिदमने, म्हणजे गणिती पद्धतीने काढला तिथे खूण करायची. जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे झडती आणि जप्तीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग. आणि त्याआधीसुद्धा, 2020 चा सुप्रीम कोर्टाचा खोतकर विरुद्ध गोरंट्याल निकाल, आपल्या जालन्याचा! 2014 ची विधानसभा, उमेदवारी अर्ज तीनच्या आत भरला की नंतर ह्यावरून वाद, पुरावा काय तर निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं व्हिडिओ रेकॉर्डिंग, आणि त्यावरून कोर्टाने ठरवलं की मूळ यंत्र कोर्टात आणता येत नसेल तर सर्टिफिकेट पाहिजेच. घड्याळाचाच वाद होता बघा तोही. वर्गात मी "जालना" हा शब्द असा ठसक्यात उच्चारला की जणू माझी सासुरवाडी. आणि हे लोक डिजिटल पुरावा हाताळायच्या ज्या गाइडची पोथीसारखी पारायणं करतात ती इथल्या पोलिस अधिकाऱ्यांच्या संघटनेची, पाचवी आवृत्ती 2012 ची, ती संघटना 2015 मध्ये बंद पण झाली. कायद्याच्या नमुन्यात हॅशला रकाना आपण घातलाय, हे मी तीनदा सांगितलं.

मग सरांनी विचारलं, प्रत्यक्षात कसं चाललंय? मी म्हटलं, व्हेरी वेल.

काय सांगणार होतो दुसरं?

ह्यावरून आमच्याकडचे एक प्रश्न हमखास विचारतात. गांधीनगरला नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी आहे, आधीची गुजरातवाली, 2020 पासून राष्ट्रीय, मग तू एवढं कर्ज काढून तिकडे कशाला? प्रश्न बरोबर आहे. माझ्याकडे उत्तरं पण आहेत, इथे एका वर्षात एमएस्सी होते, इथल्या लॅबमध्ये दिवसभर बसता येतं, एक्स्पोजर मिळतं वगैरे. रात्री हप्त्याचा हिशोब करताना ही उत्तरं मी स्वतःला म्हणून दाखवतो. दर वेळी सारखीच येतात, म्हणजे हॅश जुळतो म्हणायचा.

बाकी गावात मी हॅकर म्हणूनच प्रसिद्ध आहे. मागच्या आठवड्यात वाडीतल्या एकाने मेसेज केला, जुनं इन्स्टा खोलून दे, पासवर्ड माझाच आहे पण अकाउंट मेव्हण्याचं. मी त्याला इथला 1990 चा कॉम्प्युटर मिसयूज ॲक्ट सांगितला. ऐंशीच्या दशकात दोघांनी प्रेस्टेल नावाच्या, फोनलाइनवरून चालणाऱ्या कॉम्प्युटर सर्व्हिसमध्ये शिरून थेट राणीच्या नवऱ्याचा मेलबॉक्स उघडला होता, त्यांना धरलं पण लावायला कायदाच नाही, बनावट कागदपत्रांचा लावून बघितला, तो 1988 मध्ये वरच्या कोर्टात टिकला नाही, म्हणून मग हा नवा आणला. एवढं सगळं व्हॉइस मेसेजवर सांगितल्यावर तो म्हणाला, म्हणजे तुला जमत नाही.

पार्टनरशी मी दोन दिवस जेवढ्यास तेवढं बोलत होतो. तिच्या लक्षात आलं का माहीत नाही, पण शुक्रवारी तिने कागदात गुंडाळून काहीतरी आणलं, आर्ब्रोथ गावची आहे ती, तिकडचा स्मोकी. हॅडॉक मासा, जोडी शेपटीला बांधून लाकडाच्या धुरावर टांगलेली. आर्ब्रोथपासून 8 किलोमीटरच्या आत केलेल्यालाच ते नाव लावता येतं, 2004 पासून. मी लगेच देवगड हापूसच्या जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं सांगितलं, राहवलं नाही. पण होस्टेलच्या किचनमध्ये तो कागद सोडला आणि धुराचा आणि माशाचा असा काही वास आला ना, चुलीच्या निखाऱ्यावर आजी सुका बांगडा टाकायची तोच. मीठ कमी, तिरफळ नाही, सोलकढी तर नाहीच, तरी मी उभ्याउभ्या अख्खा खाल्ला आणि डोळे पुसले. फायर अलार्मच्या भीतीने खिडकी उघडी होती, गार वाऱ्याने डोळ्यात पाणी येतं.

नंतर ती म्हणाली, वॉर्डात एकदा तिने दुसरीच्या शब्दावर औषधाच्या नोंदीवर सही केली होती. पुढे काय झालं ते सांगितलं नाही. मी विचारलं पण नाही.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल. परतीच्या पावसाने ह्या वर्षी भाताची वाट लावलीय, कापून ठेवलेलं तसंच पाण्यात, कोंब आले. नुकसानीचे पंचनामे चाललेत. शेजारच्यांच्या शेताच्या पंचनाम्याला तलाठी आमच्या ओटीवर आले, तात्या पंच म्हणून सही करा. मी बाबांना आदल्याच आठवड्यात लॅबची सगळी रामकहाणी सांगितली होती. तर बाबा म्हणाले, आधी कुणगो दाखव, मगे सही. कुणगो म्हणजे भातशेतीचा तुकडा. तलाठी म्हणे अहो चिखल आहे, रस्ता नाही, फोटो आहेत ना मोबाइलमध्ये. बाबा काठी घेऊन निघाले. दीड तास मेरेवरून, म्हणजे बांधावरून चालले, तीन कुणगे बघितले, एक कुणगा कापलेलाच नव्हता तो कागदावरून कमी करायला लावला, आता शेजारी बोलत नाहीत, आणि तलाठ्यांची चप्पल चिखलात राहिली ती राहिलीच.

मी म्हटलं बाबा, माझ्यामुळे? तर म्हणाले, "तुझ्यामुळे नाय रे. माका ता कोर्ट आठवला."

तेवढ्यात आईने फोन ओढून घेतला. बाबांचा गुडघा सुजलाय, दोन दिवस तेल लावतेय. "त्येंचे गुडघे काय तुझ्या लॅबातले आसत?" असं आणि बरंच काही ती बोलली, ते इथे लिहीत नाही. शेवटी मला एकदाचं विचारायला मिळालं, अगं पण पंच दोन लागतात ना, दुसरे कोण गेले होते बाबांबरोबर?

कोणी नाही म्हणे. दुसरे आमचे काका, रेशनच्या काट्यावाले. त्यांनी ओटीवर चहा पितापिता बाबा परत यायच्या आधीच सही करून टाकली होती.