रात्री कूस बदलताना जाग येते, पण रिपोर्ट सगळे नॉर्मल

'कुठे दुखतं?' असं विचारलं की हात आपोआप मागे जातो, शेवटची बरगडी आणि खुब्याचं हाड यांच्या मधल्या पट्टीवर. तेवढ्या चार बोटांच्या जागेत कंबरेचे स्नायू, मणक्यांचे छोटे सांधे, मूत्रपिंड, मोठं आतडं आणि बरगडीखालून येणाऱ्या नसा दाटीवाटीनं बसलेल्या असतात. चाळीत भांडण ऐकू येतं, पण कुठल्या खोलीतलं ते जिन्यावरून कळत नाही, तसंच हे. म्हणून रात्रीच्या दुखण्यात 'कुठे' या प्रश्नानं फारसं हाती लागत नाही. कामाचे प्रश्न तीन: हललं की काय होतं, रात्री किती वाजता जाग येते, आणि उठून चार पावलं चाललं की बरं वाटतं का. 'कारण सापडत नाही' म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या खाणाऱ्या बऱ्याच जणांना हे प्रश्न कुणी नीट विचारलेलेच नसतात.

सगळ्यात जास्त आढळतं ते स्नायूंचं आणि सांध्यांचं दुखणं. कूस बदलताना किंवा उठताना चमक येते, एखाद्या विशिष्ट स्थितीत पडून राहिलं की थांबते, आणि बहुतेक वेळा बोटानं दाबून जागा दाखवता येते. ठाणे-वाशी-पनवेल लोकलमध्ये एका हातानं कडी धरून, दुसऱ्या खांद्यावर लॅपटॉपची बॅग लटकवून तासभर उभं राहायचं, मग ऑफिसात आठ तास खुर्ची; किंवा पावसाळ्यात घोडबंदर रोडवर खड्डे चुकवत दुचाकी हाणायची. कंबरेच्या बाजूला, शेवटच्या बरगडीपासून खुब्याच्या हाडापर्यंत एक चौकोनी स्नायू असतो. शरीर एका बाजूला कललं की त्याच्यावरच ताण येतो. दिवसभर तो कुरकुरत नाही, कारण आपण हलत असतो. रात्री हालचाल थांबते, तो आखडतो, आणि पहिल्यांदा कूस बदलली की कळ उठते. लोक एसीच्या गारव्याला दोष देतात. गारव्यात माणूस गुडघे पोटाशी घेऊन तासन्‌तास एकाच कुशीवर पडून राहतो, खरा त्रास त्याचा असतो.

मूतखड्याचं दुखणं याच्या अगदी उलट वागतं. त्यात कुठलीच स्थिती बरी वाटत नाही. माणूस पलंगावरून उठतो, फेऱ्या मारतो, ओणवा होतो, पुन्हा आडवा होतो. कळ लाटेसारखी वाढते, कमी होते, पुन्हा वाढते. कुशीतून जांघेकडे उतरते, सोबत मळमळ किंवा उलटी, आणि लघवीला जळजळ किंवा लालसर रंग. आपल्याकडे याला हवा आणि प्रवास दोन्ही हातभार लावतात. दमट उकाड्यात घामावाटे पाणी जातं, आणि सकाळी साडेसातला घर सोडणारी बाई वाटेत धड स्वच्छतागृह मिळेल का या धास्तीनं पाणीच पीत नाही. लघवी दाट झाली की तिच्यातले क्षार खडे धरू लागतात. खडा होऊन गेलेल्यांनी दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं असतं. अडीच लिटर पाणी पिणं म्हणजे अडीच लिटर लघवी नव्हे. एप्रिल-मेमध्ये त्यासाठी तीन-साडेतीन लिटर प्यावं लागतं. हिशेब ठेवायला सोपी खूण म्हणजे रंग: फिकट, जवळजवळ पाण्यासारखा. लोक उगाच बंद करतात तसं दूध, दही मात्र बंद करू नका. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्सलेटला (खडे बनवणाऱ्या क्षाराला) बांधून ठेवतं, ते कमी केलं तर खडे वाढूही शकतात. कमी करायचं ते मीठ: पापड, लोणचं, फरसाण. पालकात ऑक्सलेट खरोखरच भरपूर असतं; टोमॅटो बिचारा त्या मानानं उगाच बदनाम आहे. आणि बीअरनं खडा पडतो हे मित्रमंडळींचं औषध आहे, डॉक्टरांचं नाही.

इथेच एक गोंधळ नेहमी होतो. सोनोग्राफीत 'डाव्या मूत्रपिंडात ३ मिमीचा खडा' असं येतं आणि सगळं खापर त्याच्यावर फुटतं. मूत्रपिंडात शांत बसलेला, वाट न अडवणारा खडा सहसा दुखत नाही. कळ येते ती खडा मूत्रवाहिनीत उतरून लघवी अडली की. शिवाय मूत्रवाहिनीतला लहान खडा सोनोग्राफीत निसटूही शकतो, तेव्हा कॉन्ट्रास्ट (शिरेतून द्यायचं औषध) न देता केलेला सीटी स्कॅन जास्त खात्रीचा. एमआरआयचंही तेच. ज्यांना काहीही दुखत नाही अशा पन्नाशीच्या लोकांचे एमआरआय काढले तरी सुमारे ६० टक्के जणांत डिस्क, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी, फुगलेली दिसते. रिपोर्टमधली ओळ आणि तुमच्या दुखण्याची वागणूक जुळत नसेल, तर ओळीपेक्षा वागणुकीवर विश्वास ठेवा.

तिसरा प्रकार सगळ्यात जास्त निसटतो, कारण रुग्ण तरुण असतो आणि दिवसा ठणठणीत दिसतो. दुखणं वयाच्या चाळिशीच्या आत हळूहळू सुरू होतं आणि तीन महिन्यांहून जास्त टिकतं. रात्रीच्या उत्तरार्धात, तीन-चारच्या सुमारास जाग येते. पडून राहिलं तर वाढतं, उठून हिंडलं की उतरतं. सकाळी कंबर अर्धा तास किंवा त्याहून जास्त ताठ राहते. कधी उजवा नितंब दुखतो, कधी डावा. ही सुजेची लक्षणं आहेत, स्नायूंची नव्हेत. अँकिलोजिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा सुजेचा संधिवात, आणि त्याच्या भाऊबंदांची. अशा माणसाला 'आराम करा' सांगणं म्हणजे आगीत तेल. सुरुवातीच्या काही वर्षांत साधा एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो. माकडहाडाच्या वरच्या सांध्यांचा एमआरआय आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी लागते, आणि डॉक्टर लागतो तो संधिवाततज्ज्ञ. हाडांच्या डॉक्टरकडे चकरा मारून दोन वर्षं गेलेले रुग्ण याच गटात जास्त असतात.

बाकीच्यांचा धावता उल्लेख. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल, कापड लागलं तरी झोंबत असेल, तर रोज आरशात ती कातडी बघा: नागीण असेल तर पुरळ दुखण्यानंतर काही दिवसांनी उठतं, आणि विषाणूवरची गोळी पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू झाली तर जास्त उपयोगी पडते. ऑफिसहून येऊन रात्री साडेदहाला तेलकट जेवण, आणि तासा-दोन तासांनी उजव्या बरगडीखाली सुरू होऊन पाठीत जाणारी कळ? पित्ताशयाची सोनोग्राफी करा. मणक्याचा क्षयही आपल्याकडे दुर्मीळ नाही: एकाच मणक्यावर ठोकल्यावर दुखणं, संध्याकाळचा बारीक ताप, रात्री घाम, वजन उतरणं. खोकला नसला तरी क्षय असू शकतो. सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत त्याचे उपचार मोफत आहेत.

काही वेळा सकाळची वाट बघायची नसते. कुशीतल्या कळीबरोबर थंडी वाजून ताप आला, तर अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो तासांत चढतो. लघवी अडली किंवा कळत नाही, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, पाय लुळा पडतोय, तर मणक्यातल्या नसा दबल्या आहेत. साठीच्या पुढचा, विडी-सिगारेट ओढणारा पुरुष, आयुष्यात पहिल्यांदाच मूतखड्यासारखी कळ, सोबत चक्कर: महाधमनी फुगून फुटत असण्याची शक्यता आधी खोडून काढायची असते. मासिक पाळी चुकलेल्या बाईला खाली एका बाजूला दुखून चक्कर आली तरीही थांबू नका. १०८ ला फोन करा. कळव्याला छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे, नवी मुंबईत वाशीचं महापालिका रुग्णालय. पूर्वी कर्करोग झालेला असेल, तर नव्यानं सुरू झालेलं रात्रीचं कंबरदुखणं आठवडाभरही अंगावर काढू नये.

आता रात्री काय करायचं ते. जाग आली की तसंच तळमळत पडू नका. सरळ उठून बसूही नका: आधी कुशीवर वळा, गुडघे दुमडा, पाय पलंगाखाली सोडा आणि कोपरावर जोर देऊन उठा. दिवाणखान्यात पाच मिनिटं चाला. मग चटईवर गुडघे आणि तळहात टेकून पाठ मांजरासारखी वर-खाली, आठ-दहा वेळा, सावकाश. उताणं पडून एकेक गुडघा छातीशी, दोन्ही बाजूंनी पाच-पाच. हे करताना कळ पायात खाली उतरत गेली तर थांबा. डिस्क दुखत असेल तर गुडघे छातीशी घेतल्यानं बिघडतं, तिथे पालथं पडून हळूहळू कोपरांवर यायचं. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. ती घेऊन झोपी जाऊ नका, मधुमेहात बधिर कातडी भाजते आणि कळतही नाही.

परत झोपताना कुशीवर झोपणाऱ्यांनी गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी, पण ती घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. बहुतेक जण लहानशी उशी फक्त गुडघ्यात अडकवतात, वरचं पाऊल खाली लोंबतं आणि कंबर पिळलेलीच राहते. जुना लांब लोड असेल तर उत्तम. कंबर आणि गादीमध्ये पोकळी राहत असेल तर हातटॉवेलची गुंडाळी तिथे सरकवा. उताणं झोपणाऱ्यांनी उशी गुडघ्यांखाली घ्यावी.

गादी तपासायला झाडूची सरळ दांडी किंवा पट्टी पुरते. ती गादीवर आडवी ठेवा आणि मधल्या खड्ड्यात मोजपट्टी उभी धरा. तीन सेंटीमीटरहून जास्त खोल असेल तर काथ्याची गादी बसली. उलटी करून दोन-तीन आठवडे बघा, नाहीतर बदला. फरशीवर किंवा फळीवर झोपण्याचा सल्ला मात्र जुना झाला. २००३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या स्पेनमधल्या अभ्यासात जुनाट कंबरदुखीवाल्या ३१३ जणांना दोन प्रकारच्या गाद्या दिल्या होत्या. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला.

गोळ्यांबद्दल थोडं कडक बोलायला हवं. केमिस्टकडे 'कंबरदुखीची' म्हणून मिळणाऱ्या गोळीत बऱ्याचदा डायक्लोफेनॅक किंवा अॅसिक्लोफेनॅकबरोबर पॅरासिटामॉल आधीच असतं. वरून तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट. मोठ्या माणसानं २४ तासांत ३ ग्रॅमच्या आत राहावं, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या, त्याही यकृत धड असेल तर. डायक्लोफेनॅक जातीच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. बीपीची आणि लघवीची गोळी चालू असेल, शरीरात पाणी कमी असेल, तर मूत्रपिंडाला धक्का बसतो. पावसाळ्यात तापाबरोबर कंबर दुखत असेल तर डेंग्यू आणि लेप्टोस्पायरोसिसची तपासणी होईपर्यंत या गोळ्यांना हात लावू नका.

डॉक्टरकडे जाण्याआधी दोन आठवडे एका कागदावर एवढंच लिहा: जाग किती वाजता आली, कुठल्या कुशीवर होता, चालल्यावर किती मिनिटांत उतरलं, सकाळी ताठरपणा किती वेळ राहिला, रात्रीचं जेवण किती वाजता झालं, लघवीचा रंग. पहिल्या फेरीत लघवीची साधी तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), ईएसआर किंवा सीआरपी (सूज कळण्यासाठी), साखर आणि पोटाची सोनोग्राफी पुरते. सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं. घरून पाणी पिऊन रिक्षात खड्डे खाण्यापेक्षा सेंटरवर पोचून नंबर लावा आणि मग लिटरभर प्या. साठीच्या पुढे हिमोग्लोबिन कमी आणि ईएसआर खूप जास्त आला तर रक्तातल्या प्रथिनांची तपासणीही सांगा, मायलोमा हा रक्ताचा कर्करोग तिथे सापडतो. 'ड' जीवनसत्त्व कमी आलं तर साठ हजार युनिटची मात्रा साधारण आठवड्याला एक, आठ आठवडे, डॉक्टरांनी सांगितलेली. ती रोज घेणारे लोक आहेत आणि त्यांचं रक्तातलं कॅल्शियम वाढून खडे होऊ शकतात.

सगळं नॉर्मल आलं आणि दुखणं पहिल्या प्रकारचं असेल, तर चार ते सहा आठवड्यांत ते बहुधा ओसरतं. त्या काळात चालणं बंद करू नका. सहा आठवड्यांनंतरही जाग येत असेल तर तोच कागद घेऊन पुन्हा जा, आणि 'मागच्या वेळी नॉर्मल होतं' एवढ्यावर परत येऊ नका.